खुशालरावांची वीस उत्तरं

खुशालराव गावंडे नास्तिक निघाले, ही बातमी अमरावतीहून अकोल्याला पोचायला घोटभर चहा प्यायचाही अवकाश लागला नाही. आणि ती पोचवली कोणी, तर त्यांच्या सख्ख्या नातीनं, वर हसून लोळणारी पिवळी तोंडं लावून.

प्रणालीच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या, उन्हानं अमरावतीचे रस्ते दुपारभर ओस पडत होते, आणि मैत्रिणीनं मोबाइलवर एक खेळ पाठवला होता. वीस प्रश्नांची उत्तरं द्या आणि तुमच्या मनातला खरा धर्म कोणता ते ओळखा. तिनं घरातल्या एकेकाला धरून प्रश्न विचारले. तिचे वडील कुलदीप, नांदगाव पेठच्या कापड गिरणीत सुपरवायझर आणि रविवारच्या मटणाचे कट्टर भक्त, ते जैन निघाले, कारण घरात आलेली पाल मी मारत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पालीला ते भितात हे मोबाइलला कुठून कळणार? आई रागिणी ताओपंथी निघाली. ताओ म्हणजे काय हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण रागिणीला ते मनातून आवडलं. लग्न झाल्यापासून ती या घरची सून होती, बाईच्या जातीत मोडत होती, आता तिचं स्वतःचं असं काही तरी निघालं होतं.

आणि आजोबा खुशालराव, ज्यांनी उभ्या जन्मात शनिवार चुकवला नव्हता, ते निघाले निरीश्वरवादी. ब्याण्णव टक्के. प्रणालीनं सगळे निकाल हसत हसत ‘गावंडे परिवार’ या ग्रुपवर टाकून दिले.

दुसऱ्या कुठल्या वर्षी लोक हसले असते आणि विसरले असते. पण या वर्षी गावच्या मारोतीच्या देवळावर हनुमान जयंतीला कळस चढायचा होता. हा मारोती गावंड्यांचा. खुशालरावांच्या आजोबांनी नाल्यातून तो दगड बैलगाडीत घालून आणला, शेंदूर लावला आणि मरताना म्हणाले की, वर कळस पाहायचा राहिला. ते ऐकणारा नातू म्हणजे खुशालराव. तेव्हापासून त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आजोबांचा राहिलेला कळस आपल्या हातानं चढवायचा. टिनाच्या छपराखाली कित्येक दशकं बसलेल्या मारोतीला आता कुठे शिखर झालं होतं. कळसाच्या पूजेला बसायचा मान घरातल्या थोरल्या जोडप्याचा, म्हणजे खुशालराव आणि पार्वताबाईंचा. यात कोणी काही बोलण्यासारखं नव्हतं, निदान त्या मेसेजपर्यंत तरी.

धाकटे भाऊ उत्तमराव मात्र अकोल्यात जठारपेठेत बसून वाटच पाहत होते, असं कुलदीपचं म्हणणं. बियाण्यांच्या दुकानातून वेळ काढून त्यांनीच देवळासाठी गवंडी शोधले, वर्गणी मागितली, उन्हातान्हात खेटे घातले, आणि मान जाणार होता थोरल्याला, केवळ तो आधी जन्मला म्हणून. शेताच्या वाटणीत विहीर थोरल्याकडे गेली तेव्हाही असंच झालं होतं. उत्तमरावांनी तो निकाल देवळाच्या समितीचे प्रमुख असलेल्या चुलतभावाला, सूर्यभानला, पुढे पाठवला. खाली एवढंच लिहिलं की गावात चर्चा होण्याआधी बसून बोलू.

म्हणून रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून सगळे अकोल्याला निघाले. कुलदीप वाटभर वडिलांना पढवत होता की, मोबाइल खोटं बोलतो एवढंच सांगा. खुशालराव मान हलवत होते. त्यांनी त्या दिवशी कानाचं मशीन लावलं होतं आणि ते पाहून रागिणीला कसंसंच झालं. शिट्टी मारतं म्हणून ते मशीन बारा महिने कपाटात पडलेलं असे. ते लावून निघाले म्हणजे म्हातारा मनातून किती हलला असेल.

मशीन कपाटात आणि घर सुरळीत, याचं कारण पार्वताबाई. प्रश्न खुशालरावांना विचारावा आणि उत्तर पार्वताबाईंनी द्यावं, ही या घराची रीतच पडून गेली होती. पाहुण्यानं खुशालरावांना विचारावं, चहा घेता का, आणि पार्वताबाईंनी सांगावं, बिनसाखरेचा. डॉक्टरनं विचारावं, कुठे दुखतं, आणि त्यांनी सांगावं, डावा गुडघा. गुडघा खुशालरावांचा असे आणि उत्तर बरोबर असे. रागिणी नवी नवरी होती तेव्हा तिला याचं हसू येई. पुढे सवय झाली आणि दिसायचंच बंद झालं.

पार्वताबाईंकडूनच रागिणी सगळं शिकली होती. चतुर्थी कशी सोडायची, देवापुढची वात किती बोटं लांब घ्यायची, मारोतीच्या नैवेद्याचे रोडगे गोवऱ्यांवर कसे भाजायचे की वरून कडक आणि आतून मऊ राहतील. जेवायला बसल्यावर पार्वताबाई स्वतः रोडग्याचं वरचं कडक तेवढं घेत आणि आतलं मऊ दुसऱ्यांच्या ताटात वाढत. दात गेले तरी हेच. सासूच्या या सगळ्याकडे पाहून रागिणीला वाटे, आपली श्रद्धा म्हणजे उधार आणलेलं विरजण आहे, खरं दही या बाईकडे.

उत्तमरावांच्या बैठकीत कूलर घरघरत होता. त्यांच्या सुनेनं, गीतांजलीनं, पन्हं आणून ठेवलं, सगळ्यांनी ते फार चांगलं झाल्याचं सांगितलं आणि मग बोलायला कोणी पुढे होईना. शेवटी उत्तमरावांनीच सुरुवात केली. दादा, मी काही म्हणत नाही, असं म्हणून ते पुष्कळ काही म्हणाले. सूर्यभान पांढरी टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देव काही मोबाइल पाहत नाही, पण गाव पाहतं. बसणाऱ्याचं मन त्यात नसलं तर विधी कशाचा? खुशालभाऊनं तोंडानं सांगावं, म्हणजे विषय संपला.

कुलदीप उसळला. या मोबाइलनं मला जैन ठरवलं, मग मी उद्यापासून डोंगरावर जाऊन बसू का, असं त्यानं विचारलं. त्याच्या रविवारांची कीर्ती अकोल्यापर्यंत होती, त्यामुळे सगळेच हसले आणि क्षणभर वाटलं की प्रकरण हसण्यावारी गेलं. रागिणीनं सुटकेचा श्वासही सोडला. पण उत्तमराव दुकानदार माणूस, हातातलं गिऱ्हाईक सोडणारे नव्हेत. तुझं चुकलं म्हणून दादाचंही चुकलं असं कसं, असं ते शांतपणे म्हणाले. उत्तरं तर कोणी त्यांच्या तोंडात घातली नव्हती ना?

तेव्हा इतका वेळ गप्प असलेले खुशालराव प्रणालीकडे वळले.

“पोरी, माहे उत्तर वाच बरं मले. मी आयकलेच नाही.”

प्रणालीचा चेहरा पडला होता. तिनं मोबाइल काढला आणि वाचायला लागली. तुम्ही रोज देवाला हात जोडता का? हो. आठवड्यातला एखादा दिवस पाळता का? हो. सूर्यभाननी समाधानानं मान हलवली.

“संकटात सापडल्यावर तुम्ही प्रथम कोणाला हाक मारता?” प्रणालीनं वाचलं. “कोणालाच नाही. हाताला येईल ते काम करत राहतो.”

कूलर घरघरत राहिला. तुमची प्रार्थना कधी तरी ऐकली गेली, असा अनुभव आहे का? नाही. पूजाअर्चा कशासाठी करता? घरातल्या माणसाच्या समाधानासाठी. स्वतःसाठी देवाकडे काही मागता का? नाही. प्रणालीचा आवाज उत्तरागणिक बारीक होत चालला. उत्तमराव जमिनीकडे पाहत होते, आणि ज्याला जिंकायचं होतं तो माणूस जिंकताना असा का दिसतो, हे रागिणीला कळेना.

“गेलेलं माणूस मरणानंतर पुन्हा भेटेल, असं तुम्हाला वाटतं का?” प्रणाली शेवटच्या प्रश्नावर आली होती. “भेटावं असं वाटतं. भेटेल असं वाटत नाही.”

आणि रागिणीला गच्ची आठवली.

त्या सकाळी गच्चीवर कुरडया घालणं चाललं होतं. पार्वताबाई सोऱ्या दाबत होत्या, खुशालराव पलीकडे बाजेवर काठी घेऊन कावळे हाकत होते, प्रणाली मधोमध बसून मोबाइलमधलं वाचत होती. आबाजी, असं म्हणून ती विचारी. खुशालराव काय म्हणून कान पुढे करत आणि पार्वताबाई सांगून टाकत. रागिणी गव्हाच्या चिकाचं पातेलं आणायला खाली गेली आणि परत येताना जिन्यात तिला सासूचा आवाज ऐकू आला. “तो आखरीचा परत वाच बरं.” ती वर पोचली तेव्हा पार्वताबाईंचा हात सोऱ्यावर तसाच थांबलेला होता आणि कुरडईचं वेटोळं व्हायच्या जागी चिकाचा एक ढीग झाला होता. ऊन लागलं असेल असं समजून रागिणीनं त्यांना सावलीत बसवलं होतं.

प्रश्न खुशालरावांच्या कानापर्यंत पोचलेच नव्हते. ही वीस उत्तरं, निदान त्यातली बहुतेक, पार्वताबाईंची होती.

रागिणीनं समोर पाहिलं. पार्वताबाई नेहमीसारख्या कोपऱ्यात खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. या हातांनी रागिणीला देवघर शिकवलं होतं. पहाटे उठून हे हात वात वळत, आणि ती वात कधी वाकडी लागली नव्हती. इतकी वर्षं, समोर कोणी नाही असं वाटत असताना? रागिणीला भीती वाटावी इतका अचंबा वाटला. एका ओट्यावर खांद्याला खांदा लावून स्वयंपाक केला, बाळंतपणं काढली, दुखणी काढली, आणि या बाईच्या आत केवढं काय उभं होतं त्याचा आपल्याला पत्ताही नव्हता.

आता बोलावं तर सासूचं झाकलेलं चव्हाट्यावर येणार. गप्प बसावं तर सासऱ्यांचा कळस जाणार. ती विचार करत होती तोवर खुशालराव बोललेसुद्धा. मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता त्यांनी बायकोकडे एकदाच पाहिलं, अगदी थोडा वेळ, आणि रागिणीला कळलं की त्यांनाही समजलंय.

“हो,” ते म्हणाले. “माहेच उत्तर हायेत. मी नाही बसत पूजेले. उत्तम, तू बस.”

कुलदीप ओरडलाच. बाबा, हे काय बोलता, असं म्हणत तो उठला, तर खुशालरावांनी त्याला हातानंच खाली बसवलं. ज्या गोष्टीसाठी तो माणूस आयुष्यभर थांबला होता ती त्यानं अशी देऊन टाकली होती, पन्ह्याचा रिकामा पेला सरकवावा तशी. चेहरा मात्र लपत नव्हता. सूर्यभान टोपी डोक्यावर ठेवावी की नको अशा घोटाळ्यात पडले आणि उत्तमरावांना तर मान मिळाल्याचा आनंद करायचं सुचेचना.

पार्वताबाईंनी पदर सारखा केला.

“सूर्यभानभाऊ, थांबा जराक,” त्या नवऱ्याकडे हात करत म्हणाल्या. “ते उत्तर यायचे नोयत. माहे हायेत.”

कोणाला काही उमगलं नाही. खुशालराव हळू आवाजात म्हणाले, राहू दे ना. पण त्या राहू देणाऱ्या नव्हत्या.

“पयले दोन यायचेच सांगतले. हात जोडता काय, जोडते. दिवस पाळता काय, पाळते. मंग पोरीनं इचारलं, संकटात कोणाले हाक मारता. तवा माह्या तोंडून माहंच निंगालं. अन् एकदा निंगालं ते थांबलंच नाही. तो मोबाइल इचारत गेला अन् मी सांगत गेली.” त्या थांबल्या, जणू हे स्वतःलाच नव्यानं कळत होतं. “मले आजवर असं कोणी इचारलंच नाही, बाप्पा. सैपाक झाला काय, मीठ टाकलं काय, हेच इचारलं. देव हाये काय, हे बाईले कोण इचारते?”

उत्तमरावांच्या तोंडून कसाबसा प्रश्न आला. मग वहिनी, हे उपास, हे शनिवार, ते रोडगे, हे सगळं?

पार्वताबाई त्यांच्याकडे वळल्या. पुढचं त्या इतक्या सावकाश बोलल्या की खुशालरावांच्या मशीनचीही गरज पडली नसती.

“ओम तापानं फणफणला त्या रात्री मी ओल्या लुगड्यानं मारोतीले फेऱ्या घातल्या. गाडी जुपेपर्यंत घालत होती. अमरावतीले पोचलो तवा पोरगं थंड होतं. तवापासून मी काही मांगलं नाही. रागानं नाही, भाऊजी. मांगणाऱ्याच्या समोर कोणी तरी असा लागते ना. मले समोर कोणी दिसलंच नाही.”

ओमप्रकाश हे नाव त्या घरात घेतलं जात नसे. कुलदीपच्या आधीचा तो पहिला मुलगा, चार वर्षांचा होऊन गेला. रागिणीला तो फक्त कुजबुजीत माहीत होता.

“पण यायले दिसते,” पार्वताबाई नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. “मारोतीपुढे उभे राह्यले का यायच्या तोंडावर उजेड येते. ओम गेल्यावरही आला. मी पाह्यला ना. मंग म्हटलं, मले नाही दिसत तर नाही. यायचा दिवा कावून इझू देऊ?”

गीतांजली दारात ट्रे घेऊन तशीच उभी होती. रागिणीला रडू येत होतं आणि त्याच वेळी असं वाटत होतं की आपण कुठल्या तरी देवळात, अगदी गाभाऱ्याशी उभ्या आहोत. देव मानणारी माणसं तिनं ढिगानं पाहिली होती. न मानता दुसऱ्याच्या देवाला इतकं जपणारं माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

“मले माहीत होतं,” खुशालराव म्हणाले.

आता चकित व्हायची पाळी पार्वताबाईंची होती.

“कुलदीपच्या वक्ती तू अडली होती. सुईण म्हणे, नवस बोल. तू दात आवळून राह्यली, पण बोलली नाही. तवाच समजलं मले.”

“मंग इचारलं कावून नाही?”

“इचारलं असतं तर तुले सांगा लागलं असतं,” ते म्हणाले.

मग सूर्यभाननी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, पण समितीचा प्रमुख होता, आणि विधीची अडचण त्यांना मांडणं भाग होतं. कळसाच्या पूजेत नवऱ्याच्या हाताला बायकोचा हात लागलेला असावा लागतो. आता खुशालभाऊंची श्रद्धा आहे हे तर सिद्ध झालं, पण वहिनींनी चारचौघांत असं सांगितल्यावर त्यांचा हात... ते वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

ते पुरं करायची सगळ्यात जास्त निकड असणारे उत्तमराव उठून उभे राहिले. ते मान मागणार, असं रागिणीला वाटलं आणि तिनं डोळे मिटले.

“त्या रात्री कंदील मी धरला होता,” उत्तमराव म्हणाले. “वयनी फिरून राहिली होती अन् मी कंदील घेऊन उभा होतो. दहा वर्साचा असन. मले झोप येऊन राहिली होती, तर वयनी म्हणे, तू झोप भाऊजी, मले दिसते.” त्यांनी नाक शिंकरलं आणि मग सूर्यभानवरच चिडल्यासारखे बोलले. “वयनीच्या हातचे रोडगे त्या मारोतीनं इतके वर्स खाल्ले. एकदा तरी परत पाठवले काय? मंग तुमी अन् मी कोण लागून गेलो?”

सूर्यभाननी टोपी डोक्यावर ठेवली. त्यांनी रीतीप्रमाणे थोरल्याला विचारलं, मग काय खुशालभाऊ, बसता ना पूजेले?

आणि सवयीनं सगळ्यांनी पार्वताबाईंकडे पाहिलं.

“माह्याकडे काय पाह्यता,” त्या म्हणाल्या. “त्यायले इचारा.”

“तिले इचारा,” खुशालराव म्हणाले. मग त्यांना ते बरोबर वाटलं नसावं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, बैठक ओलांडून बायकोच्या खुर्चीपाशी गेले आणि लग्न झाल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. “तुले बसाचं हाय काय? नसन तर मीही नाही बसत. राग नाही माहा.”

पार्वताबाईंनी विचार केला. खरोखर केला, सगळ्यांना थांबवून.

“हात लावतो,” त्या म्हणाल्या. “मांगणार काही नाही.”

“मांगाचं माह्याकडे. तू निस्ता हात सोडू नको.”

परतीच्या गाडीत उन्हं कलली होती. उत्तमराव स्टेशनापर्यंत पोचवायला आले होते आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही कोंबून गेले होते. खुशालराव मशीन काढून खिशात ठेवून झोपून गेले होते, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे निर्धास्त. कुलदीप दारात उभा होता. आपल्याला एक भाऊ होता हे तो बहुधा पहिल्यांदाच नीट समजून घेत होता.

प्रणालीनं ग्रुपवरचे सगळे निकाल पुसून टाकले. ती पुसत होती तेवढ्यात मोबाइलनं आणखी एक खेळ पुढे केला, मागच्या जन्मी तुम्ही कोण होता. ती तोही बंद करायला गेली, तर खिडकीशी बसलेल्या पार्वताबाई वळल्या.

“वाच बरं. काय इचारते पाहू.”

त्यांच्या आवाजातली ही उत्सुकता रागिणीनं पहिल्यांदाच ऐकली. एका मोबाइलनं, न पाहता, न ओळखता, नावही चुकीचं लावून, या बाईला जे विचारलं ते घरातल्या एकाही माणसानं विचारलं नव्हतं. सासऱ्यांनी मायेपोटी विचारलं नाही, हे आज कळलं. पण आपण? आपल्याला तर विचारावंसं वाटलंच नव्हतं.

तिनं प्रणालीच्या मोबाइलवर हात ठेवला आणि ती सासूकडे वळली.

“मोबाइल राहू दे. आत्याबाई, मी इचारू काय?”

पार्वताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा केली. रागिणी त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

“इचार,” त्या म्हणाल्या.

“ओम कसा होता?”

गाडीनं मूर्तिजापूर सोडलं होतं. बाहेर नांगरून पडलेली काळी वावरं मागे जात होती. पार्वताबाई त्या वावरांकडेच पाहत राहिल्या, आणि रागिणीला वाटलं की हा प्रश्न विचारायला नको होता.

“काळा होता. माह्यासारखा,” त्या म्हणाल्या. “हट्टी लय. रोडगा देल्ला का आतलं मऊ तेवढं खाये अन् वरचं कडक माह्या हातात ठेवे. म्हणे, हे तुहं.” त्यांनी पदरानं खिडकीची धूळ पुसली. “म्हून मी अजून वरचंच खातो.”